अँडीजचे कापड: जुने किती, अस्सल किती?

पेरूतल्या कुस्को किंवा पुनोच्या बाजारात लोकरी कापडांच्या ढिगापाशी थांबलेला प्रवासी हमखास विचारतो, हे खरोखर इंकांच्या काळापासून चालत आलेले आहे का? त्यामागे एक समजूत असते: जे जितके जुने आणि बाहेरच्या वाऱ्यापासून जितके दूर, ते तितके अस्सल. अँडीजच्या विणकामाचा इतिहास या समजुतीला मुळीच दुजोरा देत नाही. तिथली परंपरा टिकली ती बाहेरचे आत घेत घेत, आणि काय घ्यायचे, कसे घ्यायचे हे बऱ्याच अंशी विणणाऱ्यांनीच ठरवले म्हणून.

प्राचीनत्वाबद्दल शंका नाहीच. पेरूच्या किनाऱ्यावर पाराकास येथे १९२७ मध्ये पुरातत्त्वज्ञ हुलिओ तेयो यांच्या उत्खननात कापडात गुंडाळलेले चारशेहून अधिक मृतदेह निघाले; त्यांवरच्या भरतकामाचे रंग सुमारे दोन हजार वर्षांनंतरही ताजे होते. इंकांच्या राज्यात तर कापडाचे मोल सोन्याहून अधिक. सैनिकाला बक्षीस कापडाचे, शरण आलेल्या सरदाराचा मान कापडाने, देवाला आहुतीही कापडाची. कुंबी हे तलम कापड विणायला खास कारागीर आणि राज्याने निवडून वेगळ्या ठेवलेल्या स्त्रिया असत. सामान्य घरांना सरकारी कोठारातली लोकर वाटली जाई आणि तिचे कापड विणून परत द्यावे लागे. ज्या काळाला आपण निर्भेळ मानतो, त्या काळातही कापड हुकमाने आणि दुसऱ्यासाठी विणले जात होते. तेव्हा ‘विकण्यासाठी विणले की परंपरा बाटली’ हा आक्षेप इंकांच्याच इतिहासापुढे टिकत नाही.

स्पॅनिश आले तसे मेंढ्या आल्या, पायमाग आला आणि ‘ओब्राहे’ नावाचे कारखाने आले, जिथे गावकऱ्यांना सक्तीने राबवले जाई. स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठलेल्या दुसऱ्या तुपाक आमारूचे बंड मोडल्यावर १७८१ मध्ये इंका पोशाखावरच बंदी आली. आज जो ‘पारंपरिक’ वेश आपण पाहतो, त्यात या दडपणाचे अवशेष आहेत. बायकांचा घेरदार पोल्येरा स्पॅनिश घागऱ्यावरूनच आला. सर्वांत बोलका पुरावा मला तितिकाका सरोवरातल्या ताकिले बेटाचा वाटतो. तिथल्या वस्त्रकलेचा युनेस्कोने २००५ मध्ये गौरव केला. बायका जमिनीवरच्या मागावर कमरपट्टे विणतात, पुरुष चालता-बोलता सुयांवर टोप्या विणतात. सुयांवरचे हे विणकाम अँडीजमध्ये स्पॅनिशांबरोबर आले. पण टोपीचा वरचा भाग पांढरा असला तर पोरगा अविवाहित आणि सगळी लाल असली तर लग्न झालेला, ही रीत बेटावरची. कसब परके आहे, त्याला दिलेला अर्थ बेटाचा स्वतःचा.

मराठी वाचकाला हे अनोळखी वाटू नये. उपवासाच्या खिचडीतला बटाटा अँडीजचा, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा आणि आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही तिथलाच. म्हणून आपला उपवास खोटा ठरत नाही.

मग कारखान्यात निघालेली, ‘हातची अल्पाका’ म्हणून खपवली जाणारी ॲक्रिलिकची शालही परंपराच म्हणायची का? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर कापडाच्या वयात सापडत नाही, विणण्याच्या कामात सापडते. कुस्कोजवळच्या चिंचेरो गावात विणकर बाई फड्या निवडुंगावरचा वाळलेला कोचिनील किडा तळहातावर चिरडते; गडद लाल रंग उतरतो, वर लिंबू पिळले की तो केशरी होतो. ताणा लावताना दोघीजणी समोरासमोर बसून सुताचा गुंडा एकमेकींकडे टाकत राहतात, मग लामा या जनावराच्या हाडाच्या टोकदार तुकड्याने बाणा ठोकून घट्ट बसवतात. कापडाला चारही बाजूंनी काठ असतो, कात्री लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रासायनिक रंगांनी यातले बरेच मागे सारले होते. १९९६ मध्ये विणकर नील्दा कायान्याउपा यांच्या पुढाकाराने कुस्कोत पारंपरिक वस्त्रकलेचे केंद्र उभे राहिले. विणकरांनी वडीलधाऱ्यांकडून विस्मरणात चाललेल्या नक्ष्या आणि वनस्पतींचे रंग पुन्हा शिकून घेतले, आणि त्या कामाला गिऱ्हाईक मिळाले ते मुख्यतः प्रवाशांमुळेच. ज्या बाजाराला आपण नासवणारा म्हणतो, त्यानेच जुने रंग परत आणायला हातभार लावला. फसवणूक होते ती विणणाऱ्याचे नाव पुसले जाते आणि पैसा मधल्यामध्ये जिरतो तेव्हा. ताकिलेने यावर आपला तोडगा काढला: गावाच्या सहकारी दुकानातून, ठरलेल्या भावाने विक्री, म्हणजे शेजाऱ्याने शेजाऱ्याचा भाव पाडायचा नाही.