नर्सिंग सीईटीचा निकाल आला, पण सीट कधी पक्की होते? मधल्या काळात काय करायचं आणि काय टाळायचं

घाटकोपरला राजावाडी, सेंट्रल लाइनवर पुढे सायन, परळला केईएम आणि भायखळ्याला जे.जे. मुंबईतली मोठी सरकारी आणि पालिकेची रुग्णालयं एकाच लोकल मार्गाच्या आसपास आहेत. त्यामुळे पंतनगर, रमाबाई आंबेडकर नगर, भटवाडी किंवा असल्फ्यात राहणाऱ्या बारावी सायन्सच्या मुलामुलींना नर्सिंग हे करिअर लांबचं वाटत नाही. लांबतो तो प्रवेश.

बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी उन्हाळ्यात होते आणि निकालही लागतो. मात्र प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होऊन सीट हातात पडेपर्यंत पावसाळा सरतो, कधी दिवाळीही जवळ येते. तोवर इंजिनिअरिंगला गेलेल्या मित्रांचे वर्ग सुरू झालेले असतात आणि घरात रोज एकच प्रश्न विचारला जातो: "तुझं काय झालं?" याच दिवसांत ओळखीच्या-अनोळखी नंबरांवरून फोन येऊ लागतात. "आत्ता पैसे भरा, सीट ब्लॉक होईल." या फोनला काय उत्तर दिलं, त्यावर चार वर्षांच्या फीचा हिशेब ठरू शकतो.

आधी नीट, आता सीईटी

२०२२ पर्यंत राज्यात बी.एस्सी. नर्सिंगचे प्रवेश 'नीट'च्या गुणांवर व्हायचे. डॉक्टर होण्यासाठी दिलेल्या परीक्षेतून नर्स निवडायच्या, असा तो मामला होता. २०२३ पासून राज्याच्या सीईटी सेलनं नर्सिंगसाठी स्वतंत्र सीईटी सुरू केली.

या परीक्षेत १०० प्रश्न, १०० गुण आणि ९० मिनिटं असतात. निगेटिव्ह मार्किंग नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड या पाचही भागांना प्रत्येकी २० गुण आहेत. म्हणजे १०० पैकी ४० गुण बारावीच्या सायन्सबाहेरचे. नीटच्या क्लासची वह्या-पुस्तकं पुरतील असं धरून बसलेल्यांना हे ४० गुण महागात पडतात.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून किमान ४५ टक्के (राखीव प्रवर्गांना ४० टक्के) आणि इंग्रजीत उत्तीर्ण असणं आवश्यक आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण हवं.

९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के नव्हेत

निकालात दिसतो तो पर्सेंटाइल, आणि पहिला घोळ इथेच होतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी ९० टक्के जण त्या विद्यार्थ्याच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. समजा ४० हजार जणांनी परीक्षा दिली, तर ९० पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे साधारण ४ हजार जण असतील. कॉलेज मिळणार का, हे या 'पुढे किती' वर ठरतं. शंभरपैकी प्रत्यक्ष किती गुण पडले, त्यावर नाही.

भारतीय परिचर्या परिषदेच्या, म्हणजे आयएनसीच्या, नियमांत पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला ५० आणि एससी, एसटी, ओबीसींना ४० पर्सेंटाइलची अट आहे. जागा रिकाम्या राहिल्यावर ती शिथिल केल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणून कमी पर्सेंटाइल दिसल्या दिसल्या नाव काढून घेण्याची घाई करू नये.

जे.जे.च्या आवारातल्या शुश्रूषा शिक्षण संस्थेसारख्या सरकारी कॉलेजचं गणित मात्र वेगळं आहे. तिथे फी कमी, रुग्णालय मोठं आणि जागा मोजक्या. त्यामुळे कटऑफ वर जातो. मागच्या वर्षीचा कटऑफ बघताना पहिल्या फेरीचा बघून लोक हताश होतात. बघायचा असतो तो आपल्या प्रवर्गाचा आणि शेवटच्या फेरीचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या 'एक्स्पेक्टेड कटऑफ'च्या पीडीएफवर कोणत्या क्लासची जाहिरात आहे तेवढं पाहावं, म्हणजे ती कशासाठी बनवली ते कळतं.

सीईटीचा फॉर्म म्हणजे प्रवेशाचा फॉर्म नाही

सीईटी दिली, निकाल आला, आता यादीत नाव येईल, असं समजून काही जण थांबून राहतात. तसं नाव येत नाही. निकालानंतर कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, सुरू होते आणि तिची नोंदणी वेगळी करावी लागते. वेगळा फॉर्म, वेगळं शुल्क, कागदपत्रं पुन्हा अपलोड. ही मुदत काही दिवसांचीच असते. ती चुकली तर चांगला पर्सेंटाइलही कामाला येत नाही.

नोंदणीनंतर तात्पुरती गुणवत्ता यादी लागते. प्रवर्ग, जन्मतारीख, गुण यांत चूक असेल तर हरकत घेण्याची वेळ हीच. मग कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा. इथे फार डोकं लढवायची गरज नसते. जे कॉलेज मनापासून हवं ते पहिल्या क्रमांकावर टाकायचं, ते मिळणं अवघड वाटत असलं तरी. यंत्रणा गुणवत्तेच्या क्रमानं एकेक विद्यार्थी घेते आणि त्याच्या यादीतलं शिल्लक असलेलं सर्वांत वरचं कॉलेज देते. 'अवघड' कॉलेज वर टाकल्यानं खालच्या कॉलेजवरचा हक्क जात नाही. उलट, जिथे जायचंच नाही असं कॉलेज यादीत भरून ठेवलं आणि तेच मिळालं, तर पंचाईत होते.

सीट मिळाल्यावर ठरलेल्या तारखांत मूळ कागदपत्रं आणि फी घेऊन कॉलेजात हजर व्हावं लागतं. पुढच्या फेरीत अजून चांगलं कॉलेज मिळेल का, हे बघायचं असेल तर 'स्टेटस रिटेन्शन' हा शब्द लक्षात ठेवावा. आरोग्य विज्ञानाच्या प्रवेशफेऱ्यांत हा फॉर्म भरला की "मी मिळालेल्या सीटवर समाधानी आहे" असा अर्थ होतो आणि पुढच्या फेऱ्यांत त्या विद्यार्थ्याचा विचार होत नाही. कॉलेजच्या काउंटरवर गर्दीत पुढे केलेल्या कागदांवर सह्या करताना हा कागद कोणता, हे विचारायला लाजू नये. सीट नाकारली तर काय होतं आणि कोणत्या फेरीपर्यंत मोकळीक आहे, हे त्या-त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत दिलेलं असतं. ते मागच्या वर्षीच्या ताईला विचारून भागत नाही, कारण नियम बदलतात.

"सीट ब्लॉक करा" या फोनचं काय?

खासगी कॉलेजांतल्या बहुतांश जागा कॅपमधून आणि उरलेल्या संस्थास्तरावर, म्हणजे बोलीभाषेत मॅनेजमेंट कोट्यातून, भरल्या जातात. फोन येतात ते या दुसऱ्या जागांसाठी. पण या जागाही कुणाच्या खिशात नसतात. खासगी व्यावसायिक कॉलेजांचे प्रवेश आणि फी यांसाठी राज्यात २०१५ चा कायदा आहे. त्यानुसार संस्थास्तरावरच्या जागाही अर्ज मागवून गुणवत्तेनुसार भरायच्या असतात आणि प्रवेशांना प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता लागते. एजंटकडे आगाऊ रक्कम दिल्यानं सीट 'ब्लॉक' होण्याची तरतूद त्यात नाही.

फीसुद्धा कॉलेजला मनानं लावता येत नाही. ती शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजनिहाय आकडे त्याच्या वेबसाइटवर पाहता येतात. त्यावर रोखीनं 'डोनेशन' मागणं म्हणजे कॅपिटेशन फी, आणि राज्यात १९८७ च्या कायद्यानं त्यावर बंदी आहे.

खरा फटका मात्र वेगळाच आहे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत जाहीर केली. आधी ती ५० टक्के होती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावं, ही एक अट. दुसरी अट फोनवर कुणी सांगत नाही: प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थास्तरावर प्रवेश घेतला की ही सवलत मिळत नाही.

म्हणजे पहिल्या फेरीत नाव आलं नाही म्हणून घाबरून घरच्यांनी संस्थास्तरावर पैसे भरले, तर कदाचित कॉलेज तेच, वर्ग तोच, शेजारचा बाकही तोच. पण तिसऱ्या फेरीपर्यंत थांबलेल्या मैत्रिणीची शिक्षण फी माफ आणि हिची चार वर्षं पूर्ण. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीला (उत्पन्न मर्यादा अडीच लाख) आणि त्यावरच्या उत्पन्नाच्या फ्रीशिपलाही मॅनेजमेंट कोट्यातला प्रवेश चालत नाही.

खासगी अभिमत विद्यापीठांचा मुद्दाही इथेच येतो. घाटकोपरहून रोज जाता येईल अशा नवी मुंबईतली काही मोठी नर्सिंग कॉलेजं अशा विद्यापीठांची आहेत. त्यांचे प्रवेश स्वतंत्रपणे होतात आणि मुलींची ही शंभर टक्के सवलत तिथे लागू नाही. शिकवण्याच्या दर्जाचा हा प्रश्न नाही. पण "सगळीकडे मुलींना फी माफ आहे" या समजुतीवर तिथे प्रवेश घेतला तर पहिल्याच वर्षी कर्ज काढायची वेळ येऊ शकते.

वाट पाहताना करायचं काम: दाखले

थांबण्याचा काळ खरं तर दाखल्यांसाठी आहे, आणि घाटकोपरकरांची धावपळ इथे जरा जास्तच होते. घाटकोपर महसुली हिशेबानं कुर्ला तालुक्यात येतं आणि कुर्ल्याचं तहसील कार्यालय मुलुंडला आहे. अधिवास, उत्पन्न, ईडब्ल्यूएस हे दाखले 'आपले सरकार' पोर्टल किंवा सेतू केंद्रातून काढता येतात.

जातीच्या दाखल्याचं तसं नाही. तो मिळतो कुटुंबाच्या मूळ वास्तव्याच्या ठिकाणाहून. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ या तारखांना वडील-आजोबा कुठे राहत होते, ते पाहिलं जातं. आजोबा रत्नागिरीहून किंवा साताऱ्याहून गिरणीत कामाला नंतर आले असतील तर नातीला दाखल्यासाठी गावाकडचं तहसील गाठावं लागतं. जात पडताळणीही त्याच जिल्ह्याच्या समितीकडे होते. याला महिनोन्‌महिने लागू शकतात, त्यामुळे बारावीला असतानाच अर्ज केलेला बरा. इतर राज्यातल्या जातीच्या दाखल्यावर महाराष्ट्रात आरक्षण मिळत नाही.

नॉन-क्रीमी लेअरच्या प्रमाणपत्रावर 'वैध ३१ मार्च' अशी तारीख असते. मोठ्या बहिणीच्या वेळचं किंवा दहावीनंतर काढलेलं प्रमाणपत्र संपलेलं असू शकतं. ईडब्ल्यूएसमध्ये राज्याचा आणि केंद्राचा नमुना वेगळा आहे. कॅपला राज्याचा लागतो.

दुसरे दरवाजे

बी.एस्सी.च्या यादीकडे डोळे लावून जीएनएमकडे पाठ फिरवणं शहाणपणाचं नाही. जीएनएम हा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे आणि त्याला सायन्स नसलेलेही पात्र असतात. केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांच्या स्वतःच्या नर्सिंग शाळा आहेत. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, म्हणजे पदवीचा रस्ता बंद होत नाही. मुलांनाही बी.एस्सी. आणि जीएनएम दोन्ही खुले आहेत. फक्त मुलींसाठी आहे तो दोन वर्षांचा एएनएम आणि अर्थात एसएनडीटीसारख्या महिला विद्यापीठातलं कॉलेज.

सर्वांत चुरशीचा दरवाजा कुलाब्यात आहे. नौदलाच्या आयएनएचएस अश्विनी रुग्णालयाचं नर्सिंग कॉलेज हे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या देशभरातल्या सहा कॉलेजांपैकी एक. पुण्याचं एएफएमसी दुसरं. सहाही मिळून जागा २२०, त्यांतल्या या दोन कॉलेजांत प्रत्येकी ४०. प्रवेश फक्त मुलींना. इथे राज्याची सीईटी चालत नाही, नीट दिलेली लागते. नीटच्या गुणांवर निवडलेल्या मुलींची इंग्रजी आणि सामान्य बुद्धिमत्तेची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. राहणं-जेवण सरकारी खर्चानं, पदवीनंतर लेफ्टनंट म्हणून कमिशन आणि त्यासाठी आधी बाँड. बारावी पहिल्याच प्रयत्नात किमान ५० टक्क्यांनी उत्तीर्ण हवी, त्यामुळे याचा विचार बारावीच्या निकालानंतर नाही, नीटचा फॉर्म भरतानाच करावा लागतो.

राज्याबाहेरच्या कॉलेजचे फोन आले तर पैसे देण्याआधी त्या वर्षीच्या आयएनसीच्या यादीत कॉलेजचं नाव आणि मंजूर जागा तपासाव्यात, सोबत त्या राज्याच्या परिचर्या परिषदेची मान्यताही. कॉलेजच्या गेटवरच्या बोर्डावर लिहिलेली मान्यता आणि यादीतली मान्यता दरवेळी जुळतेच असं नाही.

आणि फेऱ्या लवकर संपल्या असं समजू नये. प्रवेशाची शेवटची तारीख आयएनसीनं अनेक वर्षी पुढे ढकलली आहे, आणि त्या वाढीव मुदतीत रिकाम्या जागांसाठी जादा फेऱ्या होतात. अशा फेरीचं वेळापत्रक सीईटी सेलच्या वेबसाइटवर येतं आणि हजर राहायला दोन-तीन दिवसच मिळतात. मूळ कागदपत्रांची फाइल तोवर गावी नेऊन ठेवू नये.