हेमगर्भाची मात्रा

जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात देवघराच्या कोनाड्यात एक पितळी डबी असे. तिच्यात हेमगर्भाची मात्रा. सोने, तांबे, पारा आणि गंधक यांपासून वैद्य ती करीत. माणूस अखेरच्या घटका मोजू लागला, की सहाणेवर मधात ती उगाळायची आणि जिभेला चाटवायची. जाणारा क्षणभर डोळे उघडतो, दोन शब्द बोलतो, अशी घरोघर श्रद्धा.

१९६२ साली, तुळशीच्या लग्नाच्या दिवशी, आजोबा ओसरीवर बोलता बोलता कोसळले. आजी कोनाड्याकडे धावली, तो डबी रिकामी! शेजारी उसनी दिलेली मात्रा परत आली नव्हती. पंधरा वर्षांचे धाकटे काका सायकलवरून डॉक्टरांना आणायला गेले. डॉक्टरांनी कोरामिनचे इंजेक्शन दिले. पण नाडी केव्हाच थांबली होती. पुढे तीस वर्षे आजी म्हणे, "माझ्या हातून डबी रिकामी राहिली रे." आणि काका म्हणत, "मीच सायकल जोरात हाणली नाही."

मी काही डॉक्टर नव्हे. मॅट्रिक झालेला, कादंबऱ्या लिहिणारा मास्तर. पण हे दोन अपराध खरे होते काय, याचा शोध घ्यावासा वाटला.

मात्रेचे उत्तर सोपे निघाले. ज्याचे हृदय थांबले, त्याला गिळताच येत नाही. कोरामिन श्वासाला उत्तेजन देई, पण थांबलेले हृदय चालू करण्याचे सामर्थ्य त्यात नव्हते; पुढे ते मागेच पडले. खरे नाव घ्यायचे ते ॲड्रिनलिनचे. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत ते शुद्ध रूपात मिळवले आणि १९०१ साली जगापुढे मांडले. १९०६ साली क्राइल आणि डॉली यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. छाती दाबीत ॲड्रिनलिन दिले, तर बंद हृदय पुन्हा चालते, असे त्यांना दिसले. तेव्हापासून डॉक्टरांचा भरवसा त्यावर.

या भरवशाची मोठी परीक्षा मात्र २०१८ साली झाली. ब्रिटनमध्ये ८,०१४ रुग्णांपैकी निम्म्यांना ॲड्रिनलिन आणि निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी दिले गेले. महिन्याने जिवंत होते ते शंभरांत ३.२ आणि २.४! औषधाने थोडे अधिक जगले खरे. पण वाचलेल्यांत मेंदूला जबर इजा झालेलेही ॲड्रिनलिनच्या बाजूसच अधिक निघाले. २०१६ साली ॲमिओडॅरोन आणि लिडोकेन या औषधांचीही अशीच तुलना झाली. मिठाच्या पाण्याहून ती एकंदरीत निश्चित सरस ठरली नाहीत.

मग वाचवते काय? १९६० साली बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथे कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी दाखवून दिले, की छाती न उघडता, नुसत्या दोन हातांनी दाबूनही रक्त फिरते ठेवता येते. विजेचा झटका वेळेवर मिळेपर्यंत हे दाबणेच मेंदूला जगवते. १९६२ साली आमच्या ओसरीपर्यंत ही वार्ता पोचली नव्हती. त्यात दोष ना आजीचा, ना सायकलचा.

आजी हे ऐकायला राहिली नाही. काकांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे औषध आमच्या हातांतच होते म्हण की! पोरांना शिकव हे."

म्हणून, वाचकहो, फराळाला सारी मंडळी जमतील तेव्हा एक उशी पुढे घ्या. मोठे माणूस कोसळले, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट नाही, असे दिसले तर एकाने १०८ ला फोन करावा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहात ठेवून, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबीत राहावे. थकला तर तिसऱ्याने हात द्यावा.

आमची डबी अजून त्याच कोनाड्यात आहे. रिकामीच. पण आता तिच्याकडे पाहताना काका मान खाली घालीत नाहीत.