चुली, डोकी आणि नगर निवेश

दोन भाऊ वेगळे झाले की आपल्याकडे ‘चुली वेगळ्या झाल्या’ असे म्हणतात. भारताच्या जनगणनेनेही कुटुंबाच्या व्याख्येला हाच आधार घेतला आहे. एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. शहराची पुढील वीस वर्षांची तजवीज करताना मात्र प्रथम डोकी मोजली जातात, मग हेक्टर मोजले जातात, आणि चुलींचा हिशेब एका सरासरीच्या आकड्यात उरकला जातो. चूल आणि डोके यांमधील हे अंतर बालाघाटात कसकसे पडत गेले, याचा मागोवा घेण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे. सरकारी नोकरीत नकाशे आणि खसरे हाताळण्यात आमची उमेद गेली. त्यामुळे या विषयाकडे आम्ही थोडे कारकुनी नजरेने पाहिले, तर वाचकांनी ते मनावर घेऊ नये.

बालाघाट जिल्हा १८६७ साली निर्माण झाला. भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून तो बनविण्यात आला. घाटावरचा बैहरचा मुलूख ओसाड पडला होता. तेथे वस्ती व्हावी हा त्यामागचा एक हेतू होता. आरंभीच्या काळातील डेप्युटी कमिशनर कर्नल ब्लूमफील्ड यांनी पोवार शेतकऱ्यांना वर नेऊन वसविले, हे आपल्या भागात सर्वश्रुत आहे. जिल्ह्याच्या ठाण्यासाठी निवडलेले गाव तेव्हा बूढा या नावाने ओळखले जाई. ते जुने नाव ‘बूढी’ या वस्तीच्या रूपाने अद्याप टिकून आहे. १८७७ मध्ये येथे नगरपालिका आली. १९०१च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या सहा हजारांच्या आसपास होती. लगेच पुढे, १९०३ ते १९०५ या काळात, गोंदिया ते जबलपूर ही छोटी रेल्वे सुरू झाली आणि भरवेलीच्या मॅंगनीजला वाट मिळाली. वकिली, कारकुनी, शिक्षकी आणि रेल्वेची नोकरी यांच्या निमित्ताने नागपूर-भंडाऱ्याकडील आपली कित्येक घराणी याच सुमारास येथे स्थिरावली.

या घराण्यांनी घरे बांधली ती बहुतांशी नझूलच्या जमिनीवर. नझूल म्हणजे शहरातील सरकारी जमीन. तिची मोजणी होऊन पत्रके तयार होत, प्रत्येक भूखंडास क्रमांक मिळे आणि तो ठरावीक मुदतीच्या, बहुधा तीस वर्षांच्या, पट्ट्याने दिला जाई. पट्ट्यात जागेचा उपयोग लिहिलेला असे. आमच्या मते बालाघाटची पहिली नगररचना ती हीच. ‘नियोजन’ हा शब्द तेव्हा कोणी उच्चारीत नव्हते. पण कोठे कचेरी, कोठे बाजार, कोठे बंगले आणि कोठे सामान्यांची घरे, हे नझूलच्या नकाशाने ठरवून टाकले होते. शहराच्या जुन्या भागातून आज फिरतानाही त्या नकाशाची रेघ पायाखाली जाणवते.

गावाकडे वेगळाच कायदा होता, आणि तो अधिक समंजस होता असे आम्हांस वाटते. मध्यप्रांताच्या १९१७च्या जमीन महसुलाच्या कायद्याने मालगुजारी गावातील शेतकऱ्याला आबादीत, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला गावठाण म्हणतात त्यात, राहण्यापुरती जागा भाड्यावाचून मिळण्याचा हक्क मान्य केला होता. मालगुजार कितीही मोठा असो, कसणाऱ्याच्या घराची जागा त्याच्या मर्जीवर पूर्णपणे सोडलेली नव्हती. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली, आबादी सरकारजमा झाली. परंतु मूळ विचार टिकला. १९५९च्या मध्यप्रदेश भू-राजस्व संहितेच्या कलम २४३मध्ये स्पष्ट लिहिले आहे की, आबादीची जागा अपुरी पडते असे कलेक्टरला दिसले, तर त्याने गावातील बिनकब्जाच्या जमिनीतून आणखी जागा राखून ठेवावी; तशी जमीन नसेल तर सरकारला ती संपादन करता येईल. म्हणजे घरे वाढली की आबादी वाढवायची. वीस वर्षांचे भाकीत नको, लोकसंख्येचा आलेख नको. चूल वेगळी झाली, जागा अपुरी पडली, जागा द्या, इतका साधा हा मार्ग. अंमलबजावणी नेहमी तशी झाली असे नाही. पण कायद्याने मोजण्याचे माप बरोबर धरले होते.

शहरांसाठी त्या काळी जो विचार झाला तो मोठ्या शहरांपुरताच होता. मुंबई इलाख्यात १९१५ साली देशातील पहिला नगररचना कायदा झाला. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस यांनी इंदूर दरबारासाठी केलेला अहवाल १९१८चा. घरे पाडून रस्ते रुंद करण्यापेक्षा वस्ती राखून सुधारावी, हा त्यांचा आग्रह होता. आपल्या प्रांतात १९३६ साली नागपूर सुधार प्रन्यासाचा कायदा झाला आणि पुढील वर्षी प्रन्यास अस्तित्वात आला. जमीन घ्यायची, रस्ते-गटारे करायची, भूखंड पाडून विकायचे, ही त्याची पद्धत. नागपूरच्या अनेक वस्त्या अशा उभ्या राहिल्या. बालाघाटसारख्या जिल्ह्याच्या ठाण्याला असला प्रन्यास कोण देणार? येथे नगरपालिकेने बांधकामाची परवानगी द्यावी आणि नझूलने पट्टा द्यावा, एवढ्यावर काम भागत असे.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. नागपूर, भंडारा मुंबई राज्यात गेले. बालाघाट मध्यप्रदेशात राहिले आणि राजधानी भोपाळला गेली. भाषेच्या अंगाने या घटनेविषयी आपल्या मंडळींत पुष्कळ बोलले गेले आहे. घरबांधणीच्या कायद्याच्या अंगाने फारसे कोणी बोललेले नाही. त्या दिवसापर्यंत बालाघाट आणि गोंदिया एकाच प्रांतिक कायद्याखाली होते. त्यानंतर मधली सीमा कायद्याचीही झाली. पलीकडे १९६६चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आला, अलीकडे १९७३चा मध्यप्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम. पलीकडचा ‘विकास आराखडा’ तो इकडे ‘विकास योजना’, पलीकडची ‘बिनशेती’ ती इकडे ‘डायव्हर्शन’. निवेश या शब्दाने आपल्या मंडळींची सुरुवातीला करमणूकच झाली. पैसे गुंतविण्याचे हे खाते असावे अशी पुष्कळांची समजूत होती. संस्कृतात निवेश म्हणजे मुक्काम, वसणे. शब्द मोठा नेमका आहे.

१९७३च्या अधिनियमाची रीत थोडक्यात अशी. राज्य शासन कलम १३ अन्वये निवेश क्षेत्र घोषित करते. त्यात शहराबरोबर भोवतालची गावेही येतात. मग जमिनीच्या विद्यमान उपयोगाचा नकाशा तयार होतो. तो प्रसिद्ध झाला की कलम १६ लागू होते आणि संचालकाच्या लेखी परवानगीवाचून जमिनीचा उपयोग बदलता येत नाही. नंतर विकास योजनेचा मसुदा निघतो, हरकतींसाठी तीस दिवस मिळतात आणि सुनावणी होऊन शासन मंजुरी देते. सुनावणीच्या समितीत खासदार, आमदार, नगरपालिकेचे अध्यक्ष यांच्याबरोबर निवेश क्षेत्रातील सरपंचांनाही स्थान आहे. कागदावर ही रचना चांगली आहे, यात शंका नाही.

मेख आहे ती योजनेच्या पोटातील गणितात. पुढील वर्षाची लोकसंख्या अंदाजायची, तिला कुटुंबाच्या सरासरी आकाराने भागायचे, मोडकळीस आलेली घरे त्यात मिळवायची, आणि दर हेक्टरी किती माणसे राहतील ते धरून निवासी जमीन किती लागेल ते काढायचे. केवळ उदाहरणादाखल एक हिशेब मांडतो. २०११च्या जनगणनेत बालाघाट नगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ८४ हजार होती. कुटुंबात पाच माणसे धरली तर १६,८०० घरे लागतील. चारच धरली तर २१,०००. शहरात एकही नवा माणूस आला नाही तरी ४,२०० घरे जास्त! वीस हजार माणसे बाहेरून आली असती तर पाचाच्या हिशेबाने ४,०००च घरे लागली असती. एका आकड्यातील एकाचा फरक वीस हजारांच्या स्थलांतराइतका भारी ठरतो. आणि हा फरक कोणत्या मोर्चाने वा कारखान्याने पडत नाही. तो घराघरांत, लग्नानंतर, मुलाच्या नोकरीनंतर, सुनेच्या स्वयंपाकघरातून पडतो.

या न मोजलेल्या चुली कोठे गेल्या? काही जुन्या वाड्यातच राहिल्या. पट्टा आजोबांच्या नावाचा, नामांतर अडलेले, चार भावांच्या चार मोऱ्या आणि मधे प्लायवूडचा आडपडदा. बँक कर्ज देत नाही, कारण कागद एकाच्याच नावाचा. उरलेल्या शहराच्या कडेला गेल्या. गर्रा, कोसमी, गायखुरी, भटेरा या बाजूंना धानाच्या बांध्यांत भूखंड पडले. आपला हा सारा प्रदेश तळ्यांचा आणि बांध्यांचा. धानाची बांधी ही पाणी धरून ठेवण्यासाठीच केलेली असते. तिच्यावर गटारावाचून घर उभे राहिले, तर पाणी पावसाळ्यात आपली जागा परत मागते, यात नवल ते काय! घेणाऱ्याला रजिस्ट्री मिळते, पण डायव्हर्शन नाही, कॉलनीचा नकाशा मंजूर नाही, रस्ता विकणाऱ्याच्या तोंडी. हे बालाघाटचेच वैगुण्य नव्हे. महाराष्ट्राला २००१ साली गुंठेवारीचा कायदा करून अशी घरे नियमित करावी लागली. मध्यप्रदेशाने २०२१ मध्ये नगरपालिकांचे कायदे दुरुस्त करून अवैध कॉलन्यांसाठी तशीच वाट काढली. त्याही आधी १९८४ साली नगरांतील भूमिहीनांना, ज्या सरकारी जागेवर ते राहत होते तेथेच, पट्टे देण्याचा अधिनियम या राज्याने केला होता. गरिबांना त्याने आधार दिला, हे मान्य केलेच पाहिजे. तरी या सगळ्या उपायांत घर आधी आणि कायदा मागून, असा क्रम पडला.

विलंबाचेही तसेच. भोपाळसारख्या राजधानीची योजना २००५ सालासाठी होती. ते साल उलटून पंधरा वर्षे झाली तेव्हा, २०२० मध्ये, पुढचा मसुदा प्रसिद्ध झाला. राजधानीची ही कथा, तर जिल्ह्याच्या ठाण्याने किती अपेक्षा करावी?

चुलींचे माप अलीकडे एकदा कायद्याबाहेरून परत आले. जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेने कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले असे धरले. इतकेच नव्हे, तर कमावत्या प्रौढ व्यक्तीलाही वेगळे कुटुंब मानण्याची सोय ठेवली. मागणीची पाहणी घरोघर झाली. त्या पाहणीतील कुटुंब आणि विकास योजनेतील सरासरी कुटुंब ही दोन वेगळी कुटुंबे आहेत. त्यांचा मेळ घालण्याचे काम १९७३च्या अधिनियमातील पुनर्विलोकनाच्या तरतुदीखाली होऊ शकते. त्यासाठी नवा कायदा नको.

आपल्या जुन्या घराण्यांकडे या कामी उपयोगी पडेल असा एक ऐवज आहे, तो म्हणजे नझूलचे जुने पट्टे, वाटणीपत्रे आणि घरपट्टीच्या पावत्या. एका भूखंडावर १९३०च्या सुमारास किती चुली होत्या आणि आज किती आहेत, हे त्यांवरून सिद्ध करता येते. मसुदा प्रसिद्ध झाल्यावरच्या तीस दिवसांत असा तक्ता हरकतीसोबत जोडला, तर कुटुंबाच्या सरासरीवर बोट ठेवता येते. हरकत लेखी लागते, सुनावणीला जातीने हजर राहावे लागते, आणि अर्जावर भूखंडाचा पत्रक क्रमांक न विसरता घालावा लागतो.