आगकाडी आणि जबडा

आगकाडी पेटवायची तर ती पेटीच्या बाजूवर घासावी लागते. भिंतीवर किंवा दगडावर घासली तर ती सहसा पेटत नाही. असे का, हा प्रश्न आपणांस क्वचितच पडतो. परंतु या लहानशा गैरसोयीमागे जबड्याच्या रोगाचा, त्यावरील संशोधनाचा आणि कामगारांच्या लढ्याचा साठ-पासष्ट वर्षांचा इतिहास आहे. तोच आज येथे सांगावा असे आम्ही योजिले आहे. आम्ही वैद्य नव्हे. कामगारांच्या सभांत आणि सार्वजनिक वाचनालयांत जे शिकलो तेवढीच आमची विद्या. पण हा इतिहास एकट्या वैद्यांचा नाही, म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

1830 नंतर युरोपात पांढऱ्या फॉस्फरसाच्या आगकाड्या निघाल्या. त्या कोठेही घासल्या की पेटत आणि स्वस्तही पडत, त्यामुळे त्यांचा खप झपाट्याने वाढला. कारखान्यांत काड्यांची टोके फॉस्फरसाच्या ऊन लगद्यात बुडवून वाळवीत. काड्या पेट्यांत भरण्याचे काम बहुधा स्त्रिया आणि मुले करीत. खोलीत वाफा कोंडलेल्या असत आणि त्याच हातांनी, त्याच खोलीत बसून भाकरी खाल्ली जाई.

काही वर्षांत या कामगारांत एक विचित्र रोग दिसू लागला. आरंभ साध्या दाढदुखीने होई. दात काढला तरी खळगी भरून येत नसे. पुढे हिरडी सुजे, पू वाहू लागे आणि आतले हाड उघडे पडे. ते हाड मेलेले असे. दुर्गंधी अशी की घरच्या माणसांनाही रोग्याजवळ बसवत नसे.

व्हिएन्नाचे शस्त्रवैद्य लोरिन्सर यांनी 1845 साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्याजवळ ना क्ष-किरण होते, ना जंतुशास्त्र. त्यांनी केले ते एवढेच, की आपल्या रोग्यांचे जबडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि ही माणसे कामाला कोठे जातात याची चौकशी केली. उत्तर एकच आले: आगकाड्यांच्या कारखान्यात. दोन वर्षांनी, 1847 साली, बिब्रा हे रसायनशास्त्रज्ञ आणि गाइस्ट हे वैद्य या दोघांनी एर्लांगेन येथून या कामगारांच्या रोगांवर स्वतंत्र ग्रंथच काढला.

आता वैद्यांपुढे कोडे पडले. विषारी वाफ तर साऱ्या शरीरात जाते. मग हाड जबड्याचेच का मरते? किडलेल्या दातांच्या कामगारांना रोग अधिक होतो असे दिसले, म्हणून वाफ दाताच्या भोकातून हाडात शिरते असा तर्क निघाला. या तर्काला दोन धारा होत्या. एकीकडे कामगारांचे दात तपासावेत, खराब दातांच्या माणसास वाफेपासून दूर ठेवावे, हा उपयुक्त नियम त्यातून निघाला. दुसरीकडे दोष फॉस्फरसावरून सरकून कामगाराच्या दातांवर आला. कारखाना आहे तसाच चालावा आणि दात तेवढे उपटून टाकावेत, असे म्हणण्यास मालकांना आधार मिळाला.

शस्त्रक्रियेने मात्र मोठी मजल मारली. न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य जेम्स वुड यांनी आगकाड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका सोळा वर्षांच्या मुलीचा संपूर्ण खालचा जबडा काढला आणि 1856 साली त्याची हकिकत प्रसिद्ध केली. हाडावरचे पातळ आवरण त्यांनी जपून राखले आणि त्याच्या आधाराने नवे हाड तयार झाले. हाड पुन्हा कसे घडते याविषयी वैद्यकाला या मुलीच्या जबड्याने फार शिकविले. पण रोगाचे मूळ शस्त्राने निघत नव्हते. एक मुलगी शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठे तोवर दुसरी कारखान्यात रुजू झालेली असे.

आणि खरा उपाय तर हाताशी होता! त्याच व्हिएन्ना शहरात श्र्योटर यांनी 1840 नंतरच्या दशकातच तांबडा फॉस्फरस तयार करण्याची रीत शोधली होती. तो अशी विषारी वाफ सोडीत नाही. स्वीडनच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी तो काडीवर न लावता पेटीच्या बाजूवर लावला. 1855 सालापासून ब्रिटनमध्येही या सुरक्षित काडीचा हक्क घेतला गेला होता. आपल्या पेटीची ती काळसर-तांबडी पट्टी ती हीच. तरीही पांढऱ्या फॉस्फरसाच्या काड्या निघतच राहिल्या, कारण त्या स्वस्त होत्या आणि गिऱ्हाइकाला कोठेही पेटणारी काडी हवी होती. फिनलंडने 1872 मध्ये आणि डेन्मार्कने 1874 मध्ये बंदी घातली. ब्रिटनमध्ये ब्रिस्टो यांनी 1860 नंतरच्या दशकाच्या आरंभीच सरकारसाठी कारखाने पाहून अहवाल दिला होता. तो कपाटात राहिला.

1888 च्या जुलै महिन्यात लंडनच्या बो भागातील ब्रायंट अँड मे कारखान्याच्या सुमारे 1400 मुली आणि स्त्रिया संपावर गेल्या. त्यांची दुःस्थिती वर्तमानपत्रातून मांडणाऱ्या बाई म्हणजे अ‍ॅनी बेझंट. पुढे 1917 साली त्याच आपल्या राष्ट्रीय सभेच्या अध्यक्ष झाल्या. संप जिंकला. दंड रद्द झाले आणि जेवणासाठी स्वतंत्र खोली कबूल झाली. वरवर पाहता ही मागणी क्षुल्लक वाटेल. पण भाकरीबरोबर फॉस्फरस पोटात जाऊ नये याचा तो पहिला बंदोबस्त होता.

पांढरा फॉस्फरस मात्र गेला नाही. 1895 च्या कायद्याने असे रोगी सरकारला कळविणे सक्तीचे झाले होते. 1898 साली उघड झाले, की याच कारखान्याने 17 रोगी कळविलेच नव्हते आणि त्यांपैकी काही दगावले होते. शिक्षा किती? दंड 25 पौंड 9 शिलिंग. या प्रकरणाने मात्र लोकमत खवळले. 1899 साली रसायनशास्त्रज्ञ थॉर्प, वैद्य ऑलिव्हर आणि दंतवैद्य कनिंगहॅम यांचे अहवाल सरकारपुढे आले. 1906 मध्ये बर्न येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. ब्रिटनने त्यावर प्रथम सहीसुद्धा केली नाही. अखेर 1908 साली त्याने कायदा केला आणि 1910 पासून बंदी अमलात आली. हिंदुस्थानात तसा कायदा 1913 साली झाला. 1919 साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. बर्नच्या करारात सर्वांनी सामील व्हावे अशी शिफारस तिने केली. त्या परिषदेत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून आपले ना. म. जोशी बसले होते.

रोग ओळखला 1845 मध्ये. ब्रिटनमध्ये तो थांबविला 1910 मध्ये. मधली पासष्ट वर्षे ज्ञान कमी पडले नव्हते.

या इतिहासाचे एक उत्तरकांड आहे. 2003 साली अमेरिकेतील मायामीचे शस्त्रवैद्य रॉबर्ट मार्क्स यांनी 36 रोगी कळविले. त्यांच्या जबड्याचे हाड उघडे पडून मेले होते, पण यांपैकी कोणाचाही संबंध आगकाडीशी नव्हता. त्यांना बिस्फॉस्फोनेट जातीची औषधे दिली होती, बहुतेकांना ती कर्करोगामुळे. शस्त्रवैद्यांनी जुनी दप्तरे उघडली, तेव्हा शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या कामगारांचे वर्णन आपल्या रोग्यांशी विलक्षण जुळते असे त्यांस आढळले. हाड सतत मोडते आणि नव्याने बांधले जाते. हे औषध ती मोडतोड आवरते. जबड्यावर चावण्याचा ताण रोजचा, वरची हिरडी पातळ आणि तोंडात जंतूंचा वास कायमचा. म्हणून घाव तेथे बसतो असे आज मानतात. औषध उपकारक आहे, ते कोणी भिऊन सोडू नये. मात्र ते सुरू करण्यापूर्वी दात तपासून घ्यावेत, असा सल्ला आज दिला जातो. गोरगरीब काडीवाल्या मुलींच्या नोंदी अशा रीतीने दूरच्या रोग्यांच्या उपयोगी पडल्या.

आम्ही आजारी कामगारांबरोबर पुष्कळदा दवाखान्यात जातो. केसपेपरवर नाव असते, वय असते, पत्ता असतो. धंद्याच्या जागी बहुधा एकच शब्द असतो: ‘नोकरी’. कसली नोकरी, कोणत्या खात्यात, कोणत्या धुळीत, हे कोणी विचारीत नाही आणि आमचा माणूसही सांगत नाही. लोरिन्सर यांनी जर ‘नोकरी’ एवढेच लिहिले असते, तर त्यांचे सारे रोगी दाढदुखीचेच ठरले असते.

म्हणून श्रोत्यांना एकच विनंती आहे. उद्या आपण कोणा रोग्याबरोबर दवाखान्यात गेलात, तर विचारले नाही तरी तो काम काय करतो ते सांगा आणि कागदावर लिहून घ्यावयास लावा. एवढे बोलून आम्ही थांबतो.