कोळसून : हिमयुगीन शिकारी कुळाचा मेळघाटातील वारसा

प्रस्तावना

अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा तालुक्यांत पसरलेल्या मेळघाटच्या अरण्यात कळपाने शिकार करणारा तांबूस कोळसून आढळतो. त्यास रानकुत्रा म्हणतात. तथापि तो गावकुत्र्यापासून रानटी झालेला प्राणी नव्हे. त्याचे कुळ हिमयुगाइतके प्राचीन आहे. ते ध्यानी घेतल्याखेरीज त्याच्या संरक्षणाचे महत्त्व उमगत नाही, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य होय.

नामकरण

मुंबई लष्करातील अधिकारी विल्यम साइक्स यांनी १८३१ मध्ये दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत 'कोळसून' व 'लांडगा' ही मराठी नावे नोंदवून दोन्ही प्राणी 'कॅनिस' या एकाच प्रजातीत घातले होते. १८३८ मध्ये ब्रायन हॉजसन यांनी कोळसुनासाठी 'क्युऑन' ही स्वतंत्र प्रजाती सुचविली. हे वेगळेपण दातांत स्पष्ट दिसते : लांडग्याच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूस तीन दाढा असतात, कोळसुनास दोनच.

जीवाश्मांची साक्ष

हाच दंतविशेष जीवाश्म ओळखण्यास उपयुक्त ठरला. ऑस्ट्रियातील हुंड्सहाइम येथे मध्य प्लाइस्टोसीन काळातील आद्य कोळसुनाचे अवशेष मिळाले. उत्तर प्लाइस्टोसीनमधील युरोपीय कोळसून आकाराने लांडग्याच्या तोडीचा होता. आजच्या कोळसुनाचे वजन साधारणतः १२ ते २० किलो भरते. मेक्सिकोतील सान होसेसितो गुहेतही या कुळाचे जीवाश्म सापडले आहेत. हिमयुग सरताना युरोपातील शाखा नामशेष झाली. आता हे कुळ केवळ आशियात उरले आहे.

निष्कर्ष

ब्रिटिश अमदानीत उपद्रवी श्वापद ठरवून रानकुत्र्याच्या हत्येस बक्षीस दिले जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास संरक्षण लाभले, तर १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. तरीही २०१५ च्या जागतिक मूल्यमापनात प्रजननक्षम कोळसुनांची संख्या अवघी ९४९ ते २,२१५ अंदाजिली गेली. अधिवासाचा ऱ्हास व भक्ष्याची टंचाई यांबरोबरच गावकुत्र्यांकडून येणारे डिस्टेंपर व रेबीज हे रोग त्यास घातक ठरतात. म्हणून वनालगतच्या गावांतील कुत्र्यांचे लसीकरण हा मेळघाटातील वन्यजीव संरक्षणाचाच भाग मानला जावा. युरोपातून लुप्त झालेल्या या कुळाची जिवंत शाखा टिकविण्याची जबाबदारी आता आशियातील अशा अरण्यांवर आहे.