प्रवासी, सवारी, सीट

वाडीत बसून प्रवासी वाहनांवर लिहायचं म्हणजे गंमतच आहे. आमच्या गावाची ओळख मालाची. अमरावती रोडला लागून गोदामं, ट्रान्सपोर्टची ऑफिसं, ताडपत्री ओढून उभे असलेले ट्रक. जकात कधीच गेली, पत्त्यांतला नाका मात्र गेलेला नाही. मालाची इथं चोख नोंद होते: बिल्टी, नग, वजन. माणूस कसा आला नि कसा गेला, हे कोण लिहून ठेवतो? या विषयात शिरणाऱ्याची पहिली अडचण हीच, आणि खरं सांगायचं तर पहिली मजाही.

वाहनांचे इतिहास बहुधा इंजिनापासून सुरू होतात. १८५३ची मुंबई-ठाणे रेल्वे, १ जून १९४८ला पुणे-नगर मार्गावर धावलेली पहिली एसटी. तारखा पाठ असाव्यातच. पण बॉनेट उघडण्याआधी गाडीच्या आत डोकवा. कोण कुठं बसलंय? त्याला काय म्हणून मोजतात? वाडीच्या स्टॉपवरची तीच बाई एसटीत चढली की प्रवासी, ऑटोत सवारी आणि पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये सीट. एकेकाळी सवारी निघायची ती राजाची. आता ‘एक सवारी कमी आहे’ म्हणून ऑटो थांबून राहतो.

मोटार वाहन कायदा हाच भेद आपल्या भाषेत करतो. वाटेत माणसं घेत-उतरवत, प्रत्येकाचं वेगळं भाडं आकारणारी ती स्टेज कॅरेज. अख्खी ठरवून नेलेली ती कॉन्ट्रॅक्ट कॅरेज. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा, भाडं त्यावर बेतलेलं. काळी-पिवळीचा टप्पा म्हणजे जिथं कुणी हात दाखवेल ती जागा. परवाना एक आणि धंदा दुसरा, या फटीतून विदर्भातली किती खेडी बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला पोचली! पुढच्या बाकावर चार जण कोंबलेले आणि ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर लटकून गाडी हाकतोय, हे दृश्य कोणत्याही कागदपत्रात सापडणार नाही.

त्याआधी बंडी होती. एरवी शेणखत वाहणारी, पण लग्नसराईत तणस पसरून वर सतरंजी टाकली की वऱ्हाडाची. छताची हलकी दमणी मात्र मालगुजाराच्या दारातली. बैल तेच, कुणी कशात बसायचं हे गावानं ठरवलेलं.

आणि कुणी कुणाला न्यायचं, हेही. १९२९ साली बाबासाहेब आंबेडकर चाळीसगावला उतरले, तेव्हा त्यांना घेऊन जायला एकही टांगेवाला तयार होईना. महारवाड्यातल्या मंडळींनी टांगा भाड्यानं घेतला आणि हाकायला आपल्यातलाच एक जण बसवला. त्याला सवय नव्हती. पुलावर अपघात झाला, घोडा आणि टांगा नदीत गेले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. वाहनांवरच्या पुस्तकांत टांग्याची चाकं, कमानी, घोड्याचा साज सगळं येतं; हा टांगा क्वचितच येतो. मला तो पहिल्या पानावर हवा.

साधनं कुठं शोधायची, असं नवे अभ्यासक विचारतात. आरसी बुकातला आसनक्षमतेचा रकाना वाचा, मग त्याच गाडीतली डोकी मोजा. एसटीच्या खिडक्यांवर रंगवलेली अक्षरं उतरवून घ्या: महिला, अपंग, आमदार. १७ मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. त्यानंतर बाजारच्या दिवशी कोण खिडकीशी बसतं, ते बघा. जुना कंडक्टर भेटला तर त्याला तिकिटांच्या ट्रेबद्दल विचारा. दांड्यावर पंच टकटकवत तो पुढं यायचा, त्या आवाजानं झोपलेली माणसं पैसे काढायची.

रात्री उशिरा आमच्या नाक्यावर एखादा ट्रक क्षणभर थांबतो. पिशवी आधी वर जाते, मागोमाग माणूस, क्लीनर थोडा सरकतो आणि ट्रक अमरावतीच्या दिशेनं निघतो. बिल्टीवर तो माणूस नाही, त्याच्याकडं तिकीट नाही. प्रवासी, सवारी, सीट यांपैकी त्याला काय म्हणायचं? तुम्ही त्याच्यापासूनच सुरुवात केलीत तरी चालेल.