देवडी : उंबरठ्याआतील विसावा

महाराष्ट्रातील जुन्या वाड्यात आलेला मनुष्य थेट घरात शिरत नसे. मोठ्या दरवाजाच्या दिंडीतून वाकून आत आल्यावर त्यास प्रथम देवडी लागे. वाटेच्या दोन्ही बाजूंस उंच ओटे, भिंतीत कोनाडा, कोनाड्यात दिवा अशी तिची रचना असे. मराठवाड्यात या जागेस ढाळज म्हणत. पहारेकरी येथेच बसे, वाटसरू येथेच टेके आणि कामाची विचारपूस झाल्यावर पाहुणा चौकाकडे जाई.

पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला. १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. तेथील दिल्ली दरवाजावर हत्तीच्या धडकेस अटकाव करणारे अणकुचीदार खिळे आहेत, ये-जा करण्यास लहान दिंडी आहे व वर नगारखाना आहे. १८२८ च्या आगीत आतील महाल भस्मसात झाले. प्रवेशद्वार मात्र आजही उभे आहे.

व्यापाऱ्याच्या वाड्यात पहाऱ्यापेक्षा व्यवहारास महत्त्व असे. देवडीपलीकडील ओसरीवर गादी-तक्के मांडून हिशेब चालत. माजघराची शांतता त्यामुळे भंगत नसे. गुजरातेत ‘पोळ’ हा शब्द ‘प्रतोली’, म्हणजे वेशीचा दरवाजा, यावरून आला. अहमदाबादेत एका दरवाजाआड नांदणाऱ्या संपूर्ण वस्तीलाच पोळ हे नाव मिळाले.

धर्मस्थानांतही हाच क्रम आढळतो. वेरूळच्या इंद्रसभेत, म्हणजे लेणे क्रमांक ३२ मध्ये, मुख्य सभामंडपापूर्वी मोकळे अंगण लागते. तेथे अखंड पाषाणातील चौमुख मंदिर, मानस्तंभ व हत्ती कोरलेले आहेत. मंदिरात पाऊल ठेवताना श्रावक ‘निसीही’ म्हणतो आणि संसाराचे व्यापार बाहेर ठेवतो. ओसरीवर उघडलेली वही येथे मनातल्या मनात मिटावी लागते.

आज वाड्यांच्या जागी सदनिका आल्या. जागेचा भाव वाढला आणि सर्वांत आधी देवडी गेली. आता दार उघडताच सारे घर दिसते, म्हणून ते बंदच ठेवावे लागते. दारी आलेल्या अनोळखी माणसास घटकाभर बसविण्याची सोय त्यामुळे नाहीशी झाली. उंबरठ्यावरील दिवा आत व बाहेर दोन्हीकडे उजेड देतो, असे देहलीदीपन्याय सांगतो. नवी वास्तू बांधताना दाराशी एक बाक व पाण्याचा माठ यांपुरती जागा राखली, तरी त्या दिव्याची वात तेवत राहील.